घड्याळबाईंची खुर्ची

घड्याळबाई एका जागी बसलेल्या कुणी पाहिल्या असतील तर त्याने पुढे येऊन सांगावं. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि बुडाला काटे. जेवताना त्या दोनदा उठणार, एकदा पाण्यासाठी आणि एकदा उगीचच. दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तर बाकावर बसायच्या ऐवजी बाकाभोवती फेऱ्या मारणार; मग फक्त सोबत म्हणून आलेल्या माणसांच्याही दाढा ठणकायला लागत. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून "आता बरं दिसतंय की आधी?" एवढंच विचारत राहणारा तो थंड डोक्याचा मनुष्य, पण बायकोला "जरा बस गं" म्हणणं त्यानेही लग्नानंतर वर्षभरात सोडून दिलं.

अशा बाईला नोकरी मिळाली ती काय, तर दिवसाचे सात तास खुर्चीवर बसून गप्प बसलेली मुलं बघण्याची.

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. फळ्यावर प्रश्न लिहायचा, वळायचं, आणि बाकांमधून चालत मनात दहा आकडे मोजायचे. तोवर कुणी बोलायचं नाही, बाईंनीही नाही. दुसऱ्याच सेकंदाला हात वर करणाऱ्या हुशार मुलांना त्या हात खाली घ्यायला लावत. त्यांचं म्हणणं असं की पहिले हात रोज त्याच चार मुलांचे असतात, बाकीचा वर्ग सातव्या सेकंदाला जागा होतो. मुलांनी एकदा चोरून वेळ लावून पाहिली, तर बाईंचे दहा म्हणजे दहाच, ना नऊ ना अकरा. तेव्हापासून त्या घड्याळबाई झाल्या, आणि पुढे मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्यामागे तेच नाव घेऊ लागले.

मग घशात गाठी झाल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, शाळा सोडा नाहीतर आवाज सोडा. त्यांनी शाळा सोडली, आणि आवाजाने त्यांना अर्धवटच साथ दिली. बोलताना मधला एखादा शब्द नुसता वाराच होऊन बाहेर पडायचा. पाच महिने त्या घरी होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघराची मांडणी अकरा वेळा बदलली. बाराव्यांदा मीठ सापडेना तेव्हा नवऱ्यानेच दुकानात आलेल्या वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आणली. एका संशोधन संस्थेला ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग बघून नोंदी करणारी माणसं हवी होती. शिकवण्याचा अनुभव असल्यास उत्तम, असं खाली लिहिलं होतं. आवाजाचा उल्लेख कुठेच नव्हता.

संस्था म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली टायरचं दुकान. कामाच्या प्रमुख मॅडम चाळिशीच्या, सडपातळ, आणि घाईत असूनही प्रत्येकाचं बोलणं वहीत लिहून घेणाऱ्या. त्या घड्याळबाईंना ताई म्हणत. पडद्यावर शिकताना मुलं खरोखर शिकतात का, आणि शिकत असतील तर कधी, हा त्यांचा प्रश्न होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. प्रत्येक तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून गेलाच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. फक्त डोळे दुसऱ्यांचे.

कामाची रीत सोपी होती. पडद्यावर एक शिक्षक आणि पंचवीस-तीस छोट्या चौकोनांत मुलं. दर दहा सेकंदांनी हेडफोनमध्ये टिक असा आवाज होई, की मागच्या दहा सेकंदांत काय झालं त्याचं बटण दाबायचं. शिक्षक बोलत होते तर एक. मूल बोलत होतं तर दोन. कुणीच बोलत नव्हतं पण मुलं विचार करत होती, तर तीन. याला भरली शांतता म्हणायचं. आणि कुणीच बोलत नव्हतं, विचारही करत नव्हतं, नुसतीच वेळ चालली होती, तर ती रिकामी शांतता. तिच्यासाठी कीबोर्डवरची सगळ्यांत लांब पट्टी राखून ठेवली होती, कारण ती सगळ्यांत जास्त लागेल असा सुरुवातीपासूनच सगळ्यांचा अंदाज होता. एकदा बटण दाबलं की मागे जायचं नाही. पुढे काय होतं ते बघून आधीची नोंद बदलायची नाही.

भरली कोणती आणि रिकामी कोणती, हे चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि तिथेच सगळी मेख होती. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग दोघांनी बघायचं, एकमेकांना अजिबात न विचारता, आणि मग दोघांच्या नोंदी ताडून पाहायच्या. दोन माणसांना वेगवेगळं बघून तेच दिसलं तर ते खरं धरायचं, अशी या धंद्यातली पद्धत. घड्याळबाईंचे जोडीदार होते टायपिस्टकाका. वय चौसष्ट, उभी हयात कोर्टात गेलेली, न्यायाधीश सांगतील ते टाइप करण्यात. जुन्या मशीनवर कमावलेली बोटं; कीबोर्ड बिचारा त्यांच्याखाली हादरायचा. एक, दोन, तीन यांचा आवाज टक् यायचा आणि लांब पट्टीचा धप्प.

दोघं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत. मध्ये राखाडी कापडाचा, खांद्याएवढ्या उंचीचा आडपडदा. कामाबद्दल बोलायचं नाही हा नियम दोघांनीही इतका पाळला की आठ महिन्यांत एकाही मुलाचा, एकाही शिक्षकाचा विषय निघाला नाही. एकच रीत त्यांनी आपापसांत पाडून घेतली होती. यादीतलं रेकॉर्डिंग दोघं एकदम सुरू करत. काका म्हणत, "हं, लावायचं?" आणि घड्याळबाई आडपडद्याच्या पलीकडून नुसतंच "लावा" म्हणत. म्हणजे ते संपतंही एकदम, आणि चहाला उठता येतं एकदम. एकट्याने चहा प्यायला काकांना आवडत नसे. घरी त्यांना तो एकट्यालाच प्यावा लागायचा.

घड्याळबाई हेडफोन एकाच कानावर लावत. दोन्ही कान बंद झाले की त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. वर्गात असतानाही एक कान त्यांनी कायम व्हरांड्याकडे ठेवलेला होता, ती सवय.

आणि जुळणी काय यावी? शेकडा चौऱ्याण्णव. मॅडमना पहिल्या महिन्यात विश्वासच बसेना. दुसरीकडे लोकांना ऐंशी मिळवताना नाकी नऊ येतात, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महिन्यात पंच्याण्णव आली. इतर संस्थांतली माणसं या दोघांना बघायला येऊन गेली, आणि काकांनी तो आकडा मोठ्या अक्षरात छापून आपल्यासमोरच्या भिंतीला चिकटवला. कोर्टात त्यांच्या नावावर काहीच नव्हतं, सगळे निकाल दुसऱ्यांचे. घड्याळबाईंनाही वाटायचं की आवाज गेला तो गेला, पण नजर तरी आपली अजून कुणी हिरावलेली नाही. एवढ्या एका आकड्यावर त्या दर सकाळी तीन जिने चढत होत्या.

चारशे बारा रेकॉर्डिंग झाली तेव्हा मॅडमचा अहवाल तयार होत आला. निष्कर्ष असा की पडद्यावरच्या तासात शांततेचे दर दहा तुकडे घेतले तर त्यातले सात रिकामे. मुलं विचार करत नाहीत, नुसती बसून असतात. ज्या अ‍ॅपवर हे तास चालत, ते बनवणारे या अहवालाची वाट बघत होते. पुढच्या सत्रापासून त्यात अशी सोय होणार होती की प्रश्न विचारल्यावर बारा सेकंद कुणी बोललं नाही, तर अ‍ॅप आपणच उत्तर दाखवेल आणि पुढचा प्रश्न काढेल. अहवाल गुरुवारी जायचा होता. तो गेला की दोघांना संस्थेत कायम करणार, असंही मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

अहवालाच्या दोन आठवडे आधी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते चार दिवस आले नाहीत.

त्या चार दिवसांत घड्याळबाईंचा जीव कशातच लागेना. खोली गप्प. "हं, लावायचं?" असं म्हणणारं कुणी नाही. टिक वाजायची आणि त्यांचा हात बटणांवर तसाच लोंबकळत राहायचा, जणू कुणीतरी आधी काहीतरी करायचं आहे आणि मग आपण. उठून खिडकीपाशी जाऊन आल्या. खुर्ची बदलून पाहिली, ती आणखी करकरली. काकांची सवय झाली आहे, दुसरं काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि एकोणीस रेकॉर्डिंग पुरी केली. काका परत आल्यावर तीच एकोणीस त्यांनी एकट्याने बघितली.

सोमवारी जुळणी आली, शेकडा एकसष्ट.

मॅडमनी घड्याळबाईंना आत बोलावलं. स्वर चांगलाच होता. दमला असाल ताई, म्हणाल्या. काकांचाही डोळा नवा आहे. तो आठवडा आपण अहवालातून गाळू, बाकीचं सगळं चौऱ्याण्णवच आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घड्याळबाईंनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. पण जिना उतरताना त्या दुसऱ्या मजल्यावरूनच पुन्हा वर गेल्या, वर जाऊन कशासाठी आलो ते आठवेना म्हणून खाली आल्या, आणि घरापर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता वीस मिनिटांत चालल्या.

जेवताना नवरा दुकानातली गोष्ट सांगत होता. एक वयस्कर बाई आल्या होत्या. उजवा डोळा झाकून डाव्याने वाचा म्हटलं, तर भराभरा शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. डावा डोळा तर पार गेलेला. मग त्याच्या लक्षात आलं, की बाई बोटांच्या फटीतून उजव्याने बघत होत्या.

"लबाड," घड्याळबाई म्हणाल्या.

"लबाड नव्हे गं. त्यांना खरंच वाटत होतं की डाव्याने दिसतंय. चांगला डोळा पुरता झाकल्याशिवाय दुसऱ्याचं खरं कळतच नाही, त्या माणसालासुद्धा. म्हणून मी आता हात ठेवू देत नाही. पुठ्ठा देतो."

घड्याळबाई उष्ट्या हाताने उठल्या. नवऱ्याला वाटलं, पाणी. पण त्या पाण्याकडे गेल्या नाहीत, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डावा हात त्यांनी कानावर ठेवला. तोच कान, जो त्या आठ महिने उघडा ठेवत आल्या होत्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी काकांना सांगितलं की आज यादीतलं तुम्ही एकट्याने लावा, माझं एक जुनं बघायचं राहिलंय. मग तिसऱ्या महिन्यातलं, शहाण्णव जुळणीचं एक रेकॉर्डिंग काढलं. हेडफोन दोन्ही कानांवर चढवला. उठून पळावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळून घेतले आणि पंचेचाळीस मिनिटं, दोनशे सत्तर तुकडे, पुन्हा नोंदवले.

त्या तासात एक मुलगी होती, जिच्या चौकोनात छताचा पंखा आणि अर्धं कपाळ एवढंच दिसायचं. शिक्षकांनी विचारलं, तीन सप्तमांश मोठे की चार नवमांश? कुणी बोलेना. टिक. पुन्हा टिक. दोन्ही कान बंद असल्यामुळे घड्याळबाईंना पहिल्यांदाच ऐकू आलं की कुठल्यातरी चौकोनातून कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येतो आहे. थांबतो, पुन्हा येतो. खोडरबरही आला. एकतिसाव्या सेकंदाला ते अर्धं कपाळ हललं आणि मुलगी म्हणाली, "चार नवमांश. पण थोडेसेच."

घड्याळबाईंनी आपली जुनी नोंद उघडली. रिकामी, रिकामी, रिकामी, मूल बोलतं. म्हणजे त्यांच्या हिशेबी ते उत्तर आभाळातून पडलं होतं. पूर्ण तासात शांततेचे तुकडे अठ्ठ्याण्णव. तेव्हा त्यातले एकाहत्तर रिकामे म्हटले होते, आज चोवीस. काकांशी जुळायचं राहिलं बाजूला, त्यांचं त्यांच्याशीच जुळत नव्हतं.

मग हेडफोन गळ्यात घेऊन त्या नुसत्या बसून राहिल्या आणि ऐकलं. आडपडद्यापलीकडे काका एकट्याने काम करत होते. टक्. टक्. टक्. धप्प. त्या धप्पबरोबर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप मांडीवर दाबला गेला. समोरचं रेकॉर्डिंग बंद होतं आणि अंगठा कामाला लागला होता.

दुपारभर त्यांच्या जिवाची नुसती घालमेल झाली. सांगावं तर चारशे बारा रेकॉर्डिंग पाण्यात, मॅडमची दोन वर्षं पाण्यात, काकांच्या भिंतीवरचा कागद पाण्यात. आणि स्वतःची नोकरी. या वयात, या आवाजावर दुसरं काम कोण देणार होतं? न सांगावं तर गुरुवारनंतर कुणाला काही कळणार नव्हतं. एकसष्टचा आठवडा तर मॅडमनी आपण होऊनच गाळला होता. तोंडात मूग धरून दोनच दिवस काढायचे होते. त्या चार वेळा मॅडमच्या दारापर्यंत गेल्या आणि चार वेळा पाण्याची बाटली भरून परत आल्या. बाटली पहिल्या वेळीच भरली होती. पण पेन्सिलीचा तो आवाज काही कानातून जाईना. बारा सेकंदांनी अ‍ॅपने उत्तर दाखवलं असतं, तर त्या मुलीची पेन्सिल तिथेच थांबली असती, आणि तिलाही कधी कळलं नसतं की ते आपल्याला येत होतं. आयुष्यभर मुलांसाठी दहा आकडे मोजणारी बाई, आणि तिच्याच नोंदीवरून मुलांचे सेकंद कापले जाणार होते. याची त्यांना लाज वाटली.

बुधवारी सकाळी काका म्हणाले, "हं, लावायचं?"

"नको," घड्याळबाई म्हणाल्या, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आडपडद्याला वळसा घालून काकांच्या बाजूला गेल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. उघडा कान, धप्प आवाज, अर्धं कपाळ, एकाहत्तरचे चोवीस. तुम्ही दाबता म्हणून मी दाबते, काका, आणि मला वाटतं माझं मीच दाबलं. काका आधी चिडले. भिंतीवरच्या कागदाकडे हात करून म्हणाले की हा आकडा काय झाडाला लागला होता का? आपण एक शब्द बोललो नाही, नियम मोडला नाही, मग चूक कुठली? आणि समजा तुम्ही माझं ऐकून दाबलंत, तर माझं तरी बरोबरच असेल ना? घड्याळबाई म्हणाल्या, तेच तर मला विचारायचंय. तुम्हाला कसं कळतं, कोणती रिकामी ते?

काकांच्या नव्या डोळ्याला पाणी येत होतं ते त्यांनी रुमालाने टिपलं. मग खुर्चीतून न वळता म्हणाले, "तुमच्या खुर्चीवरून."

"माझ्या?"

"माझ्या हेडफोनचा डावा कान पहिल्या आठवड्यातच मेला. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं उगीच खर्च कशाला. तर त्या कानाने मला तुमची खुर्ची ऐकू येते. तास चांगला चालला असला की गप्प असते. मुलं नुसतीच बसलेली असली की करकरायला लागते. मला वाटायचं, बावीस वर्षं शिकवलेल्या बाई आहेत, त्यांना कंटाळा आला म्हणजे तिथे काही नाहीच." काकांनी रुमालाची घडी घातली. "निकाल देणं हे माझं काम कधीच नव्हतं, बाई. पस्तीस वर्षं कुणीतरी सांगायचं आणि मी टाइप करायचो. इथेही मला वाटलं, सांगतंय कुणीतरी."

घड्याळबाई खाली बसल्या, काकांच्या टेबलाशेजारच्या जुन्या कागदांच्या खोक्यावर. म्हणजे काका बाईंच्या खुर्चीवर चालले होते आणि बाई काकांच्या पट्टीवर. वर्गात त्या थांबू शकत होत्या, कारण चालत होत्या. चालता चालता त्यांनी बावीस वर्षं मुलांसाठी वाट पाहिली, बसून वाट पाहायला मात्र कधी शिकल्याच नाहीत. सात-आठ सेकंद झाले की बूड वळवळायचं, खुर्ची करकरायची, पलीकडे धप्प व्हायचं आणि इकडे अंगठा. चारशे बारा तासांतली मुलं बिचारी आपापल्या घरी पेन्सिली घासत बसली होती. रिकामं काही असलंच तर ते या खोलीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, मुलांची शांतता मोजायला निघाल्या आणि मोजत राहिल्या स्वतःची चुळबुळ.

"मी एकटी जाते," त्या म्हणाल्या. "तुमच्या हेडफोनचं सांगत नाही."

काका उठले. भिंतीवरचा कागद त्यांनी नखाने चारही कोपरे सोडवून नीट काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले की एकट्याने चहा पिणं परवडलं, पण तुम्हाला एकटीला आत पाठवून मी इथे काय करू.

मॅडमच्या टेबलावर अहवालाची छापील प्रत होती, बांधणीसाठी तयार. घड्याळबाईंचा आवाज तीन वेळा तुटला, तेव्हा तुटलेले शब्द काकांनी पुरवले. हेडफोनचं काकांनी स्वतःच सांगितलं. अर्ध्या कपाळाच्या मुलीचं बोलून झालं, आणि घड्याळबाईंनी शेवटी विचारलं, "मग हे जाणार का, मॅडम?"

मॅडम काही बोलल्या नाहीत. वहीत लिहिलंही नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर हात ठेवून बसून राहिल्या. घड्याळबाईंनी सवयीने मोजायला सुरुवात केली. पाच. आठ. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, दुःख नाही, नुसता कागदासारखा कोरा चेहरा. बारा. ही खुर्चीही करकरणारीच होती, आणि उठून जावं असं त्यांना इतकं वाटलं की पोटऱ्यांत गोळे आले. त्यांनी पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळले. वीस. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि बंद झालं. काकांनी डोळा टिपला. तीस. घड्याळबाई हलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणासाठी बसून थांबल्या होत्या.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जाणार नाही." मग त्यांनी प्रत उलटी करून ठेवली आणि पुढचं हळू सांगितलं. सगळं पुन्हा बघावं लागेल, वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या माणसांकडून. तुम्ही दोघांनी ही रेकॉर्डिंग पाहिली आहेत, त्यामुळे तुम्हाला ती पुन्हा देता येणार नाहीत. दुसरं काम आज तरी माझ्याकडे नाही, ताई.

दोघं आपल्या खोलीत आले. घड्याळबाईंनी बाटली घेतली, काकांनी चष्म्याचं घर. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर काका थांबले.

"मॅडम बोलेपर्यंत किती सेकंद झाले होते?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"मी बारापर्यंतच मोजले आणि लांब पट्टी दाबली," काका म्हणाले, "मनात."

"मीसुद्धा," घड्याळबाई म्हणाल्या, आणि खाली चहाला कुठे बसायचं ते दोघांनी पहिल्यांदाच सावकाश ठरवलं.